हत्तींची कमान

आता हे तुम्हाला सांगू की नको, असं दर वेळी वाटतं. पण चहा आलाच आहे, तर ऐका.

मी परभणीचा आर्किटेक्ट. हयातभर मंगल कार्यालयंच आखली. पूर्णेच्या व्यापाऱ्यांनी मिळून स्टेशनजवळ बेघरांसाठी निवारा आणि अन्नछत्र बांधायचं ठरवलं, ते काम माझ्याकडे आलं. हाताला जे वळण, तेच कागदावर उतरलं. मधे मोठा हॉल, एका अंगाला बायकांची खोली, दुसऱ्या अंगाला पुरुषांची, मागे पंगतीची जागा. पुढे कमान, कमानीवर दोन हत्ती. हत्ती कशाला? कमान म्हटली की माझ्या हातून हत्ती येतातच.

निवारा उघडला, पण कुणी फिरकेना. माणसं फलाटावर झोपत होती आणि माझ्या हॉलमध्ये चिमण्या. ट्रस्टचे अध्यक्ष शंकरअप्पा सोयाबीनचे व्यापारी. ते म्हणाले, "साहेब, रविवारपत्तुर बघू. न्हाई आलं कुणी, तर मी पोती लावणार हाय."

पहिल्यांदाच पुण्याईचं काम हाती आलं होतं. त्याचं गोदाम झालेलं मला बघवलं नसतं.

रविवारी सकाळी मी स्वतःच कमानीखाली उभा राहिलो. पाटी अजून पेंटरकडेच होती, म्हटलं आपणच पाटी व्हावं. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. बायका, पोरं, म्हातारे, बोचकी, पत्र्याच्या पेट्या.

धोतरवाल्या एका काकांनी कमानीकडे बघत विचारलं, "हेच का हो?"

"हेच. या, आपलंच समजा."

"पालमहून आलोत. पोरं उपाशी हायेत."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. चहा दिला, आंघोळीला गरम पाणी दिलं, प्रत्येकाला एकेक ब्लँकेट दिलं. बायका ब्लँकेटाचा पोत चाचपून म्हणाल्या, "माणसं लय चांगली मिळाली बाई."

त्यात एक पोरगा पिवळाधमक. मी ओळखलं, कावीळ. त्याला आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन निजवलं आणि आचाऱ्याला बजावलं, याला तेलकट काही नको, नुसता मऊ भात.

शंकरअप्पा आले, भरलेला हॉल बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. मी फुगलो.

मग पंगत बसली. पिवळा पोरगाही उठून येऊन बसला. धोतरवाल्या काकांनी त्याच्या ताटात डोकावलं.

"आमाला पुरी आन् नवरदेवाला मऊ भात? ही कुठली रीत हो?"

"कोण नवरदेव?"

"आता कोण म्हंजे? तुमी मुलीचे मामा न्हाई का?"

मुलीचे खरे मामा मागच्या गल्लीतल्या कार्यालयात सकाळपासून हार घेऊन ताटकळत होते. ते कार्यालयही मीच बांधलेलं. वऱ्हाडाला खूण सांगितली होती, हत्तींची कमान.

वऱ्हाड गेलं, ब्लँकेटं घेऊन गेलं. मानपान म्हणून घेतलेलं परत कोणत्या तोंडानं मागायचं? शंकरअप्पांनी पोत्यांच्या गाडीला फोन लावला.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. कमानीच्या कडेला एक म्हातारबाबा बसले होते, मांडीवर रिकामी ताटली.

"कधी आलात बाबा?"

"म्या रोज येतो, मालक. उघडल्यापसून. लगीन कधी हाय बघून जातो. आज पंगत बसली."

"मग आत का नाही आलात?"

"लग्नाच्या जागी बिनबोलावता कसं जावं? समदे उठले का उरलंसुरलं द्या."

मी वळून पाहिलं. मागे शंकरअप्पा उभे होते, फोन कानाला तसाच. त्यांनी तो बंद केला, बाबांना हाताला धरून उठवलं आणि आत नेता नेता माझ्याकडे वळून म्हणाले,

"माणसं तर रोज यायलीत, साहेब. तुमचे हत्तीच आत येऊ देईनात."