तोंडी परीक्षेतला कलदार

परभणीच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो. शिष्यवृत्ती चालू राहायची तर अर्थशास्त्राची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. नाहीतर सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वडिलांच्या शेजारी उभं राहायचं. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच.

विनिमय दराचं प्रकरण मला पाठ होतं, समजलं नव्हतं. रविवारी घरी गेल्यावर वडिलांना भीतभीतच विचारलं. ते हसले.

"आरं, निजामाच्या राज्यात आमी रोज तेच बघायचो. आपला रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सुगीत कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या, तिकडून कलदार यायचा, मग हालीला लय मान. मालकानं नवी मशीन मागवली, की त्योच कलदार हुडकत फिरायचा. हाली पडलाच म्हण."

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते, बाजूला आमचे सर.

"नवं तंत्रज्ञान आलं तर रुपयाचं काय होईल?" परीक्षकांनी विचारलं.

माल स्वस्त होतो, निर्यात वाढते, रुपया वधारतो, हे पुस्तकातलं उत्तर तोंडाशी होतं. पण मी म्हणालो, "आधी पडेल, सर. मशीन बाहेरून आणायला आधी कलदार लागतो."

"काय लागतो?"

आमच्या सरांनी मान खाली घातली.

"डॉलर, सर. चुकलो."

"अहो, निजाम कधीच गेले. तुमच्या गावाला कळवलं नाही का कुणी?"

उठून जावंसं वाटलं. "बोला पुढं," परीक्षक म्हणाले. मग मी अडखळत सांगितलं, की मशीन चालू होऊन गाठी वाढल्या, बाहेर गेल्या, की रुपया सावरतो.

"आणि सरकारनं खर्च वाढवला तर?"

"बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायची कामं काढली, सर. हातात पैसा आला, पण बाजारात ज्वारीच नव्हती. भाव चढले. शेवटी परदेशातून लाल मिलो ज्वारी आली. तिला डॉलरच लागले असणार. रुपयावर ताण येतो."

"पण आपला दर तर सरकार ठरवतं. मग हा ताण दिसतो कुठं?"

पंखा करकरत होता.

"माहीत नाही, सर."

त्यांनी कागदावर गुणांचा आकडा लिहिला आणि हातानं झाकला.

बराच वेळ मी व्हरांड्यात उभा होतो. शेवटी आमचे सर बाहेर आले. "पास केलंय त्यांनी. शेवटचं उत्तर मात्र शोधून आण."

सेलूच्या गाडीला अजून वेळ होता. मी वाचनालयात गेलो, आयात परवान्यांवरचं एक पुस्तक काढलं. डॉलर कमी पडले की दर नाही, परवाने आखडतात, असं त्यात होतं. गाडी चुकली.