गरज कमी आढळली

माझ्या बहिणीची लेक टोरंटोला असते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "मावशी, आम्हा दोघांना तिकडच्या एका मुलीचं शिक्षण करायचंय. संस्था तू शोध. पण नैतिक पाहिजे हं." नैतिक! उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला माझा, पण येताना कोथिंबीर आण म्हणावं तसा हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता.

तरी मी खूश झाले, कारण मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा सातवीपर्यंत. पुढे तालुक्याला जायचं, आणि एसटी तिच्या मनात आलं तर येते. मी निवृत्त झाले तेव्हा ही मुलगी सहावीत होती, आता सातवी संपत आलेली. गणितात अशी तयार की फळ्यावर मी चुकले की खालून खाकरायची. आई रोजानं जाते, बाप ट्रकवर क्लीनर, घरी येतो तो पाहुण्यासारखा. तालुक्याच्या वसतिगृहाची सोय झाली तर पोरगी आठवीत बसणार, नाहीतर जूनपासून आईसोबत शेतात तण काढायला, निंदणाला. आणि निंदणाला लागलेल्या पोरीकडे आमच्याकडे स्थळं कधी यायला लागतात, ते मला कोणी सांगायला नको.

भाचीनं प्रश्नांची यादी पाठवली, दोन पानं. पैसा नेमका कुठे जातो? मूल कोण निवडतं? गावातल्या वजनदार माणसाच्या शब्दावर नावं घुसतात का? एकूण एक प्रश्न रास्त होता, आणि म्हणूनच मला जास्त चीड येत होती.

पहिली संस्था मोठ्या शहरातली. फोनवरचा माणूस साखरेत घोळून बोलत होता. "मुलगा पाहिजे की मुलगी, मॅडम? वय किती? आणि पसंत नाही पडलं तर तीन महिन्यांत दुसरं मूल मिळेल." मी म्हटलं, "लेकरू आहे का मिक्सर?" तो म्हणाला, "मॅडम, आमची पॉलिसी आहे." हल्लीचे फोन मेले आपटताही येत नाहीत.

दुसरी जिल्ह्यातलीच, दोन खोल्यांची. त्यांनी दोन्ही पानांची उत्तरं दिली, न मागता हिशोब दाखवला. अट एकच. नाव कोणीही सुचवा, पण त्यांची कार्यकर्ती घरी जाऊन बघणार आणि तीच ठरवणार. मध्ये कोणी बोलायचं नाही. भाची म्हणाली, "मावशी, अगदी हीच!" मी मुलीचं नाव दिलं, तिच्या आईला सांगितलं की उद्या संस्थेच्या बाई येतील, आणि नियमाप्रमाणे घरात बसून राहिले. तिथेच माती खाल्ली.

आठ दिवसांनी कागद आला. गरज कमी आढळली.

मी तशीच चपला घालून तिच्या घरी गेले. आई अंगणात भांडी घासत होती, मला बघून तोंडभर हसली. "बाई, म्या त्याईले काहीच कमी पडू देलं नाही." मग तिनं कौतुकानं सगळं सांगितलं. खुर्च्या सरपंचाकडून आणल्या. कपबशा शेजारणीच्या. पोरीच्या अंगात शेजारणीच्या भाचीचा नवा फ्रॉक, पायात पैंजण, तोंडाला पावडर. शेंगदाणे घालून पोहे केले, वरून चहा.

"आणि त्यांनी विचारलं काय?"

"त्या म्हणे, काही अडचण आहे का? म्या म्हटलं, देवाच्या दयेनं सारं बरं हाये."

मी कपाळावर हात मारला. "अगं, ती काय पाहुणी होती?"

"मंग कोण होती?" तिनं विचारलं. अनोळखी बाई दारात आली, आपल्या घरात बसली, तिला पहिल्याच भेटीत आपलं रडगाणं कोण सांगतं? मी तरी सांगितलं असतं का? पण राग काही जाईना.

कार्यकर्तीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पोहे छान होते. पण मी पाहिलं तेच लिहिलं. तुमच्या शब्दावर बदललं तर उद्या सरपंचांच्या शब्दावर बदलावं लागेल." भाचीला फोन केला, तर तिला आनंदच झाला. "म्हणजे संस्था खरंच चांगली आहे, मावशी!" चांगली आहे गं बाई, चांगलीच आहे, आणि त्या चांगुलपणात माझी पोरगी निंदणाला चालली! एवढं मात्र झालं, मेअखेरीस पुन्हा एकदा घर बघू, असं त्या कार्यकर्तीनं कबूल केलं.

मी पोरीच्या आईला बजावलं. खुर्च्या नको, पोहे नको, विचारलं तर खरं सांग. तिचं हसू मावळलं.

"म्हंजे पोरीले मागणाऱ्यासारखी उभी करू?"

"मी तसं म्हटलं का? खोटं बोलू नको, एवढंच."

"म्या कुठं खोटं बोलली? काऊन रडाव मी लोकाइच्या समोर?"

माझा तोल सुटला. "तुझ्या तोऱ्यापायी पोरीचं वाटोळं होईल," असं मी तिला तिच्याच अंगणात, पोरीसमोर बोलले. जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वाकते, तिच्याकडे तोरा म्हणून तेवढे पोहेच होते. पण ते मला घरी आल्यावर सुचलं. परत जाऊन बोलायचा धीर काही झाला नाही.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी सकाळी पोरगी माझ्याकडे आली. अंगात जुना, विटलेला फ्रॉक. गणिताची रीत विचारावी तसं तिनं विचारलं, "बाई, हा चालते का? का इथून थोडासा फाडू?" बोट खांद्यावर होतं.

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती दचकून मागे सरली. "जशी आहेस तशी उभी राहा." ती मान हलवून गेली.

मुलगी निवडली गेली. जूनच्या शेवटी ती पत्र्याची पेटी घेऊन तालुक्याला गेली. संस्थेनं भाचीला दुसऱ्या भेटीत काढलेला तिचा फोटो पाठवला आणि भाचीनं तो मला. मागे मातीची भिंत, पायात चप्पल नाही, फ्रॉक खांद्यावर फाटलेला. पोरीनं फाडला की आईनं, ते मी आजवर विचारलेलं नाही. भाचीनं खाली लिहिलं होतं, "किती साधी आहे गं! आता खात्री पटली."

त्याच दिवशी दुपारी पोरीची आई माझ्याकडे आली. बस म्हटलं तरी बसली नाही, पाणीही घेतलं नाही. दाराशी उभी राहूनच म्हणाली, "बाई, पोरगी शिकून राह्यली, तुमचे उपकार हायेत. फक्त तिचा तो फोटू कोणाले दाखवू नका."

"नाही गं," मी म्हटलं, "मी कशाला दाखवू?"

हातातला मोबाईल टिंगटिंग वाजत होता. भाचीनं तो फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि एकेक जण खाली हात जोडत होता.