बाबल्याच्या आधी उतरणारा

माझं एक मत आहे. किस्से शूर माणसाकडे साठत नाहीत. शूर माणूस काम उरकतो आणि जेवायला घरी जातो. घाबरट माणूस चार पावलं मागे उभा असतो, त्याला सगळं दिसतं आणि ते डोक्यातून जाता जात नाही. मी जामसंड्यात मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्त करतो आणि तरीही विजेला घाबरतो. नवीन प्लग लावला की बटण गिऱ्हाइकालाच दाबायला सांगतो! तेव्हा माझ्याकडे किस्से किती असतील याचा अंदाज करा.

त्यातले सगळ्यात जास्त आले ते आम्ही तिघांनी रिमोटवर चालणारा रोबो करायला घेतला तेव्हा. तिघं म्हणजे मी, जेटीजवळ बोटींच्या सुट्या भागांचं दुकान असलेले हसनभाई आणि ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बाबल्या. चौथी बाबल्याची बायको, गुलाबवैनी. खरं तर पहिली तीच.

*

ट्रॉलरच्या पोटात मासळी ठेवायचा खण असतो. पावसाळाभर बोट वर ओढलेली, खण बंद. आत जुन्या बर्फाचं पाणी आणि त्यात राहून गेलेली मासळी कुजत असते. तिच्यातून जो वायू सुटतो, तो दोन श्वासांत माणसाला आडवा करतो.

गेल्या सीझनच्या तोंडावर एक खलाशी खण धुवायला उतरला. वरून हाक मारली तर ओ नाही. बाबल्या तडक त्याच्या मागे उतरला. मग दोघांनाही दोरीने वर काढावं लागलं. खलाशी पाव तासात उठून बसला, बाबल्याला मात्र दवाखान्यात दोन दिवस शुद्ध नव्हती. मी त्या दोन दिवसांत दुकान उघडलं नाही. माझे हातच चालत नव्हते.

त्याने डोळे उघडल्यावर मी म्हटलं, "अरे, दोरी बांधून तरी उतरायचं!"

बाबल्या म्हणाला, "खाली आपलो माणूस आसलो तर तांडेलान वर उभ्यान रवाचा नाय. दोरी शोधीत कोण बसता?"

आठवड्याने वैनी माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली नाही, पाणी घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाली, "भावजी, तेंच्या आधी खणात उतरात असा कायतरी करून देवा. पण माणूस नको. माणूस आसलो तर हे तेच्या मागसून उतरतले!"

*

बेत साधा होता. चार चाकांची गाडी, तिच्यावर वायू मोजायचा मीटर आणि एक कॅमेरा. गाडी खणात सोडायची, वरून चालवायची, मीटर हिरवा दाखवेल तेव्हाच माणूस उतरणार.

हसनभाई म्हणाले, "मीटर दोरयेक बांधून सोडला तर? गाडी कित्याक होयी?"

बाबल्याने मान हलवली. खणाच्या तोंडाखाली हवा बरी असते. वाईट हवा पुढच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साठतं, तिथे. दोरी तिथवर पोचत नाही.

पैसे वैनीने त्या साली विकलेल्या काजूबियांचे, म्हणजे बेताचेच. मोटारी हसनभाईंच्या भंगारातल्या, जुन्या जीपच्या वायपरच्या. प्रश्न राहिला तो ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, बोर्ड. रिमोटचा इशारा बारीक असतो, त्यावर मोटार काही हलत नाही. तो इशारा ऐकून बॅटरीचा दांडगा करंट मोटारीत सोडणारा बोर्ड मध्ये लागतो. स्वस्तातला पाहिजे आणि वायपरची मोटार सांभाळणारा पाहिजे. तिथेच सगळी मेख होती. ही मोटार मोकळी फिरताना थोडकं पिते, पण चाक कुठे अडलं की बॅटरी रिकामी करायला निघते.

मी सगळ्यात स्वस्त बोर्ड आणला. खोक्यावर आकडा भलताच मोठा होता. बाबल्याने तो हातात घेऊन विचारलं, "दोरयेर लिवलेला वजन येगळा आणि दोरी तुटता ता वजन येगळा. हेचा तुटाचा वजन सांग."

मला सांगता येईना. म्हणून चाक हाताने दाबून धरलं आणि बटण दाबायला हसनभाईंना सांगितलं. तीन मोजायच्या आत बोर्डातून जाळ निघाला. मी दुकानाबाहेर कधी पोचलो ते मलाच कळलं नाही!

हसनभाई आतच होते. शांतपणे खोकं उलटसुलट करून म्हणाले, "डब्यार सुरमईचो फोटो, आत बांगडो."

*

सरकारी मदत मिळते का बघायला आम्ही एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेलो. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. टेबलापाशी पोचलो तसं बाबल्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तो एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागला. समुद्रात उधाण असताना ज्याचा आवाज हलत नाही, तो तिथे चाचरत होता.

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "यंत्राचा उद्देश?"

बाबल्या म्हणाला, "मरू नये म्हणून."

साहेबांनी वरपासून खालपर्यंत फॉर्म पाहिला, पान उलटून मागची बाजूही पाहिली. मग खरोखर वाईट वाटून म्हणाले, "तसा रकाना नाही हो यात!"

*

शेवटी दोन बोर्डांवर गाडी अडली. दोन्ही आमच्या ऐपतीतले. एकाला ताकद जास्त, पण तापला की थेट जळणार. दुसऱ्याला ताकद बेताची, पण तापला की तो स्वतःहून बंद पडायचा आणि थंड झाला की आपोआप परत सुरू व्हायचा. मला दोन्हींची भीती वाटत होती. जळला तर गाडी खाली अडकणार, मधेच बंद पडला तरी तेच.

दोन आठवडे माझा निर्णय होईना. बाबल्या वैतागला आणि म्हणाला, "चल, कौल लावया."

आमच्याकडे जमिनीपासून सोयरिकीपर्यंत सगळं देवाला विचारतात, तर ड्रायव्हरनेच काय पाप केलंय? गुरवाने देवळातल्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी पाण्यातल्या माणसाचो जीव वाचवूचो म्हणान मोटारीचा काम काढलेला आसा, तेंका योग्य ती वाट दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही दोघं ओरडलो. माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

अर्धा तास आम्ही श्वास धरून उभे. मग उजवी कळी टपकन पडली. उजवा कौल! बाबल्याने माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "उजवो म्हणजे खंयचो बोर्ड?"

मी म्हटलं, "तू ठरवलं होतंस ना?"

"मी खंय? तू!"

आम्ही गुरवाकडे पाहिलं. तो हात जोडून म्हणाला, "देवान सांगल्यान. आता तुमीच ठरवक इसारलास, तेका देव काय करतलो?"

बाहेर चहाच्या टपरीवर हसनभाई आमच्या चपला सांभाळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पडान परत उठाची अक्कल जेका आसा, तो घेवा. माणसातय तोच बघतत."

तोच घेतला.

*

बोर्ड तापू नये म्हणून त्याला अॅल्युमिनियमचा जाड पत्रा लावावा लागतो. तयार मिळतो, पण काजूचे पैसे संपले होते. दुसऱ्या दिवशी बाबल्या पिशवीतून एक पत्रा घेऊन आला, छान जाड, गोल कापलेला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तीन दिवसांनी वैनी दुकानात आली आणि बाबल्या टेबलाखाली गेला. खोटं नाही सांगत, वादळात बोट आणणारा माणूस माझ्या टेबलाखाली, जुन्या टीव्हीच्या आडोशाला!

वैनीने गाडी पाहिली, तो पत्रा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. "माझ्या मोदकपात्राचा झाकण," ती म्हणाली. मग टेबलाकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "चतुर्थीक मोदक झाकणाशिवाय उकडतले काय? भायर येवा!"

झाकण मात्र तिने परत मागितलं नाही. उलट गाडीला नाव दिलं, धाकलो. घरातला धाकटा. 

*

पहिली चाचणी जेटीवर. लिलाव संपला होता, मासे विकणाऱ्या बायका टोपल्या आवरत होत्या. मी रिमोटची काडी पुढे केली. धाकलो निघाला, झकास निघाला, आणि वीस पावलांवर रिमोटची रेंज तुटली. सिग्नल तुटला की थांबायचं, हे त्याला मी शिकवायचं राहून गेलं होतं! शेवटचा हुकूम "पुढे", म्हणून तो पुढेच.

समोर एक म्हातारी पाठमोरी बसलेली, तिच्यापुढे जेटीची कड.  बाबल्या धावत होता, हसनभाई ओरडत होते, मी नुसती बटणं दाबत होतो. म्हातारीने आवाज ऐकला, वळली आणि भरली टोपली त्याच्या अंगावर उपडी केली. बांगड्यांच्या ढिगाखाली चाकं फिरत राहिली.

"मेल्यानू, बिरेक लावल्याशिवाय पोरग्याक रस्त्यार सोडल्यात?" ती म्हणाली.

सिग्नल तुटला की थांबायचं, हे मी त्याच संध्याकाळी बसवलं. मी दोरी बांधायचंही सुचवलं, पण बाबल्याने साफ नाही म्हटलं. बोटीच्या पंख्यात दोरी गेली की बोट कशी मरते हे त्याने पाहिलंय. "फिरत्या वस्तूक दोरी नाय." खाली सोडण्यापुरता दोरीला आकडा, गाडी टेकली की तो सुटणार.

*

आता शेवटचा. हा सांगताना अजून माझ्या तळहाताला घाम सुटतो.

नवा सीझन. खण उघडायचा दिवस, सकाळची वेळ. बाबल्याने बोटीवर नारळ फोडला, खलाशांना खोबऱ्याचा एकेक तुकडा दिला आणि एक तुकडा धाकल्याच्या टपावर ठेवला. खलाशी हसले. वैनी धक्क्यावरून बघत होती, ती हसली नाही. चपला काढून बोटीवर चढली आणि खणाच्या झाकणाजवळ येऊन उभी राहिली.

धाकल्याला खाली सोडलं. आकडा सुटला. कॅमेऱ्यात काळोख, पाणी, फळ्या. मी त्याला पुढच्या कोपऱ्याकडे नेला. मीटर हिरवा, हिरवा, पिवळा आणि मग एकदम लाल. नुसता लाल नाही, किंचाळायला लागला. खलाशी दोन पावलं मागे सरकले. ज्या हवेने गेल्या वर्षी बाबल्याला आडवं केलं होतं, ती तिथेच बसून होती.

"मागे घे," हसनभाई म्हणाले.

मी काडी मागे ओढली. चाक दोन फळ्यांच्या फटीत अडकलं. मोटार कण्हली, मग गप्प झाली. बोर्ड तापला, हे मला कळलं. मीटरचा आवाज तेवढा चालू होता. खालून कुणी रडावं तसा तो येत होता.

मी म्हटलं, "थांबायचं. थंड झाला की आपोआप उठेल. पाच मिनिटं."

वर पाहिलं तर बाबल्याचा एक पाय खणाच्या शिडीवर!

"बाबल्या, यंत्र आहे ते!" मी ओरडलो.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. त्याचा चेहरा गेल्या वर्षी उतरताना असणार तसाच होता, मला खात्री आहे. "पण आपलो आसा. एकटो आसा खाली." दुसरा पायही त्याने शिडीवर ठेवला.

मी जागचा हललो नाही. मला हलताच आलं नाही, हे मी कबूल करतो. हसनभाईंनी त्याचा दंड धरला, तो त्याने सोडवला. तेवढ्यात वैनीने त्याला कॉलरला धरून फळीवर ओढलं, खणाचं झाकण दोन्ही हातांनी धाडकन लावलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.

"मी बसलंय हंय," ती म्हणाली. "आता उतरा."

 बाबल्या तिच्यासमोर उभा, मुठी वळलेल्या. ती उठली नाही. झाकणाखालून मीटरचं किंचाळणं बारीक ऐकू येत होतं. रिमोट माझ्या हातात तसाच होता. अंगठा काडी मागे ओढून गच्च दाबलेला. मला तो उचलता येत नव्हता.

पाच मिनिटं तरी गेली असावीत. मग वैनीच्या खालून, खणातून आवाज आला.

ठक्.

एक खलाशी देवाचं नाव घेत खाली बसला. हसनभाईंचे ओठ हलायला लागले.

ठक्. ठक्. आतून, तळाच्या फळीवर चाक आपटावं तसं.

बाबल्याने झाकणाकडे पाहिलं, मग बायकोकडे. वैनीने तळहात झाकणावर सपाट ठेवला, मान कलती करून ऐकलं, आणि न उठता म्हणाली,

"आयकलात? धाकलो सांगता, येव नकात!"