टोपलीला हात

तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. अलिबागच्या आमच्या रस्त्यावर ती सगळ्यांची म्हावरेवाली. यायची मात्र मागच्या बोळातून, आणि आम्ही बायका परसदारी ताटल्या घेऊन उभ्या. मासे सगळ्यांना हवेत, पुढच्या दारी वास नको! भाव करताना ती भांडल्यासारखी बोलायची. निघताना तेवढा आवाज मऊ व्हायचा, "हात लाव गो बाय." भरली टोपली एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, समोर असेल त्याने हात लावायचा, ही रीतच.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आमच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं. त्याच आठवड्यात ती भर सकाळी पुढून आली आणि वकिलांच्या फाटकातच टोपली टेकवून बसली. वकील इस्त्रीचा कोट घालून कोर्टात निघाले होते.

"उचल ती टोपली! मागच्या बोळातून जा."

"उचलतंय की सायेब," ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. "पन भारी हाय. हात लावा."

आम्ही सगळ्या आपापल्या फाटकांत येऊन उभ्या होतो. एकही पुढे सरकली नाही. कोर्टाची वेळ होत आली. शेवटी वकील वाकले. टोपली डोक्यावर चढली, तेव्हा माशांचं पाणी त्यांच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं.

ती डांबरी रस्त्याच्या मधोमध, मान ताठ ठेवून, हाळी देत निघाली. आम्ही पुढच्या दारांतून ताटल्या घेऊन धावलो. सगळ्यांत पुढे वकिलीणबाई होत्या.

मागच्या बोळात आता गुडघाभर गवत आहे.