बाईसाहेबांचा खलनायक

महाराजांच्या घरी रोज संध्याकाळी माणसं जमत, आणि ती आपल्या तोंडून जुन्या नाटकांचे किस्से ऐकायला जमतात, अशी महाराजांची बारा वर्षं ठाम समजूत होती. महाराज हे त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी एकदा राजाचं काम करणारा नट ऐनवेळी आजारी पडला, म्हणून भालदाराच्या कामातून उचलून त्यांना सिंहासनावर बसवलं होतं. तो एकच प्रयोग, पण नाव जन्माचं चिकटलं. पुढची पस्तीस वर्षं ते सेनापती, वकील, न्यायाधीश आणि बहुतेक वेळा नायिकेचे वडील झाले. आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा माणूस दचकून टाळ्या वाजवायचा. तो आवाज निवृत्तीनंतर दोन खोल्यांच्या घरात राहायला आला.

त्या घरात आणखी दोघी होत्या. एक ताई, महाराजांची थोरली बहीण, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली आणि भावाचे सगळे किस्से पाठ असलेली. दुसऱ्या बाईसाहेब. राखाडी रंगाचं, चौदा वर्षांचं मांजर.

संध्याकाळी साडेपाचला खालचे शिंपी यायचे, पाठोपाठ समोरचे टपालवाले काका. महाराज त्यांच्यापुढे बाईसाहेबांना त्यांच्या काखांत दोन्ही हात घालून डोक्याच्याही वर उचलायचे आणि गर्जना करायचे, की सावधान, बाईसाहेब येत आहेत. बाईसाहेबांचे मागचे पाय हवेत लोंबकळायचे. मग त्यांना खाली ठेवलं, की त्या पाळीपाळीनं प्रत्येकाच्या मांडीवर बसायच्या, नाटक कंपनीच्या मालकानं प्रेक्षागृहात फेरी मारावी तशा.

या थंडीत हे सगळं बिघडलं. एके सकाळी बाईसाहेबांनी खिडकीवर उडी मारली पण उडी तोकडी पडली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जणू उडी मारायचीच नव्हती अशा थाटात पंजा चाटायला घेतला. महाराजांनी ते बरोबर ओळखलं. संवाद विसरल्यावर तेही असाच रुमाल काढून नाक पुसत.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांचे सांधे हळूच वाकवून पाहिले आणि संधिवात असल्याचं सांगितलं. महाराज म्हणाले, मलाही तोच आहे, माझ्यातलीच अर्धी गोळी देत जाऊ का. बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं, की माजी न्यायाधीशांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. माणसाची गोळी मांजराला विष ठरू शकते, त्या म्हणाल्या, आणि एक पातळ औषध लिहून दिलं. रोज संध्याकाळी खाणं झाल्यावर, बिनसुईच्या सिरिंजनं, नेमून दिलेले तेवढेच थेंब. बाई पुढेही ताईला काही सांगत होत्या. पण बाहेरच्या बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या गृहस्थांनी तोवर महाराजांना विचारलं होतं, की तुम्ही नाटकात होता का हो. असा प्रश्न कुणी विचारल्यावर महाराज आत थांबणं शक्य नव्हतं.

औषध सुरू झालं आणि बाईसाहेब कपाटाखाली गेल्या. खाण्यापुरत्या बाहेर यायच्या आणि महाराजांची चाहूल लागली, की पुन्हा आत. महाराज जमिनीवर आडवे होऊन कपाटाखाली तोंड घालून लाडिक आवाजात हाका मारत. त्या लाडिक आवाजानं कपाटावरची पितळी डबी थरथरायची.

चौथ्या दिवशी शिंप्यांनी दारातूनच विचारलं, "बाईसाहेब आहेत का?"

कपाटाखाली आहेत, असं कळल्यावर ते म्हणाले, "मग परवा बघतो."

टपालवाल्या काकांना त्याच आठवड्यात कसलीशी कामं निघाली. महाराज रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. बारा वर्षं घर भरत होतं ते मांजराच्या नावावर, आणि आपण आपले दोन अंकांच्या मधल्या वेळचे गाणारे. हे त्यांच्या ध्यानात आलं, पण कबूल करायला आणखी दोन दिवस लागले.

बाईसाहेब बाहेर आल्या नाहीत, तर घरात आवाज फक्त आपलाच उरणार, ही कल्पना महाराजांनाही सोसवेना. त्यांनी विचार केला. तिचा राग औषधावर आहे आणि औषध देणारे हात आपले आहेत. तेव्हा औषध देणारा माणूसच वेगळा हवा. नाटकात नसतो का? वाईट कामं खलनायक करतो आणि नायिका नायकाकडे धावते.

ट्रंकेतून काळा लोकरी झगा निघाला. केसांचा टोप निघाला. आरशापुढे दोन तास तालीम झाली. आवाजावरून ओळखलं जाऊ नये म्हणून खलनायक मुका ठरला. चालीवरून ओळखलं जाऊ नये म्हणून तो कपाटापासून चार हातांवर जमिनीवर बसून राहणार, असं ठरलं. ताईनं हे सगळं पाहून कपाळाला हात लावला आणि भाजी निवडायला गेली.

पहिल्या दिवशी खलनायक पाऊण तास बसला. बसायला वेळ लागला होता आणि उठणं तर आपल्या हातात नव्हतंच, त्यामुळे घाई कसली. बाईसाहेब खाण्यासाठी बाहेर आल्या, लांबून पाहिलं, औषध कसंबसं घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी झग्याची बाही हुंगली. सहाव्या दिवशी औषध घेऊन झाल्यावर पळाल्याच नाहीत. आठव्या दिवशी खलनायकाच्या मांडीवर चढल्या, झग्याच्या उबेत गोल झाल्या आणि घुरघुरू लागल्या.

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी टोप काढून फेकला आणि आनंदानं गर्जना केली. "बाईसाहेब, अहो मीच तो!"

मांडी रिकामी झाली. कपाटाखालून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं.

दारात ताई हसून हसून भिंतीला टेकली होती. महाराज दुखावल्या आवाजात म्हणाले, की चौदा वर्षं जीव लावला, आणि तिला तो मेला खलनायक आवडतो.

"आवडणारच," ताई म्हणाली. "तो गप्प बसतो. आणि तिला उचलत नाही. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं. काखांत हात घालून उचलू नका, कंबर दुखते तिची. आवाज हळू ठेवा, चढायला बुटकं स्टूल ठेवा, आणि माणसांत तिच्या पावलानं येऊ द्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. तू मधे बोलत होतास."

महाराजांना ते लोंबकळणारे मागचे पाय आठवले. रोज संध्याकाळी टाळ्यांसाठी आपण तिला हवेत टांगत होतो, आणि ती बिचारी त्यानंतरही पाहुण्यांच्या मांडीवर बसत होती. उद्या कुणी आपल्याला असं काखांत हात घालून छताला लावलं तर, असं मनात येताच त्यांचे स्वतःचे गुडघे कळवळले. ते कपाटाजवळ सरकले आणि उभ्या जन्मात न वापरलेल्या आवाजात पुटपुटले, "चुकलो बाई." शेपटीचं टोक हललं नाही. पण आतही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं शिंप्यांना आणि काकांना चहाला बोलावलं. खोलीच्या मधोमध काळ्या झग्यातले महाराज जमिनीवर बसलेले, शेजारी बुटकं स्टूल. दोघांनी ताईकडे पाहिलं. ताईनं सांगितलं, की आज मुकं काम आहे.

मग बोलायचं कुणी, हा प्रश्न पडला. शिंप्यांनी झग्याची शिवण चिमटीत धरून पाहिली आणि हा टाका आता कुणाला घालता येत नाही, असं म्हणत आपल्या वडिलांच्या दुकानाबद्दल सांगू लागले. काकांनी एका म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं, ज्यांना कुणाचंच पत्र येत नसे, तरी काका रोज त्यांच्या दारात थांबून "आज नाही" असं सांगून जात. बारा वर्षांत महाराजांनी हे कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला मधे जागाच कुणी ठेवली नव्हती.

एवढ्यात शिंपी बोलून गेले, की राजेलोकांचे पोशाख शिवायला फार त्रास. महाराजांच्या घशाशी सिंहासनाचा किस्सा आला. इतकी सरळ संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी ओठ दाबले. कान लाल झाले. किस्सा पोटात परत गेला.

तेव्हाच बाईसाहेब कपाटाखालून निघाल्या. एक पाय टाकून थांबत, पुन्हा टाकत, काकांचा बूट हुंगून, शिंप्यांच्या घोट्याला अंग घासून त्या स्टुलापाशी आल्या. मागचे पाय जुळवायला त्यांना वेळ लागला. कुणी हात पुढे केला नाही. मग त्या स्टुलावर चढल्या आणि तिथून काळ्या झग्यात उतरल्या.

निघताना काकांनी ताईला हळूच विचारलं, "महाराजांना बरं नाही का?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बरं आहे," ताई म्हणाली.

शिंपी उद्या येतो म्हणाले. येताना स्टुलावर घालायला गादीचा तुकडा आणणार होते.

सात वाजले. ताईनं बाईसाहेबांची वाटी आणली. वाटी संपल्यावर महाराजांनी मांडीवरच त्यांना थेंब दिले, आणि त्यांनी नाक मुरडून ते घेतले. महाराजांचे दोन्ही पाय बधिर झाले होते, पण उठायचं म्हणजे बाईसाहेबांना उठवायचं. ताईनं त्यांची स्वतःची संधिवाताची गोळी आणि पाण्याचा पेला पुढे धरला. महाराजांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.