रोवण्यातली घंटा

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपूर सोडून केशोरीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. तिथल्या शिपायाचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. तो खुर्चीत कधी बसत नसे, पण बोलताना कुणापुढे वाकतही नसे. माझे पांढरे मोजे पाहून म्हणाला, "मास्तर, हे किती दिवस टिकतीन?"

भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाला आणि वर्ग ओस पडले. नेमके तेव्हाच तपासणीस साहेब आले. रिकामी बाकं पाहून शिपायावर ओरडले, "घंटा दे!"

आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला एक तुकडा. शिपायाने तो सोडवून खांद्यावर घेतला आणि शेताकडे निघाला. "पोरं तिकडे चिखलात हायेत, तं इथं कायले वाजवू?"

साहेब आणि मी त्याच्यामागे धावलो. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला तुकडा टांगून त्याने दणादण ठोके दिले. रोपांच्या पेंढ्या हातात धरून पोरंपोरी चिखलात ताठ उभी राहिली.

"मास्तर, आवरा याला! नाहीतर तुमच्याविरुद्धही लिहीन," साहेब म्हणाले.

मी मोजे काढून खिशात कोंबले, बांधीतल्या चिखलात उतरलो आणि हजेरी घ्यायला लागलो.