बाईसाहेबांचा होकार

मी नक्की काय नोकरी करते हे सासूबाईंना फोनवर सांगताना मला डच शब्द देऊन चालणार नव्हतं. रेंटमेस्टर म्हणजे काय, हे त्यांना कसं कळणार? म्हणून मी सरळ म्हणाले, "मी एका जहागिरीची कारभारी आहे."

सासूबाई कोल्हापूरकडच्या. त्या म्हणाल्या, "अगं, कारभारी आमचा मुलगा. तू काय करतेस ते सांग."

मग सविस्तर सांगितलं. फेल्डहोवनमधल्या आमच्या घरापासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर एका बॅरोनेसची इस्टेट आहे. खंदकाच्या मधोमध जुनं दगडी घर, थोडं जंगल, बरीचशी कुरणं, आणि खंडानं जमीन कसणारी चार-पाच कुळं. गळकी छपरं, तुंबलेले नाले, पडायला आलेली झाडं आणि कुळांची आपसातली भांडणं, हे सगळं मी बघते. शेतकी कॉलेज मी कोल्हापूरला केलं, पुढचं शिक्षण इथं घेतलं, आणि जुन्या रेंटमेस्टरांच्या हाताखाली लागले. ते निवृत्त झाल्यावर काम माझ्याकडे आलं.

जाताना त्यांनी मला एकच गोष्ट समजावली. "बाईसाहेब सगळ्यांना हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी जाऊन तो होकार परत आणायचा, हीच खरी नोकरी. आणि नकार नेहमी शेतात उभं राहून द्यायचा, स्वयंपाकघरात बसून नाही. स्वयंपाकघरात कॉफी येते, आणि कॉफीबरोबर नकाराचं 'बघू' होतं."

मला ही अतिशयोक्ती वाटली होती. बाईसाहेब ऐंशीच्या पुढच्या. कोपरावर विरलेला स्वेटर, पायात गमबूट. घर तापवणं परवडत नाही म्हणून हिवाळ्यात तीनच खोल्यांत राहतात. माझ्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका गृहस्थाला फळबागेत लामा पाळायला हो म्हटलं आणि दुसऱ्या एकाला मक्याच्या शेतात बलून उतरवायला. मी दोघांकडे जाऊन आले. लामावाले रडवेले झाले, बलूनवाले चिडले.

शेवटी मी बाईसाहेबांना विचारलंच, "तुम्हीच नाही का म्हणत नाही?"

"मी मालकीण आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं की माणसाचा अपमान होतो. तुम्ही म्हटलं की तो नुसता नियम असतो."

माझा पगार बहुधा याचाच होता.

त्या वसंतात माझ्या नवऱ्याच्या क्रिकेट टीमचं मैदान गेलं. तो चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या टीममधली मुलं पुण्या-मुंबईची, दोघं-तिघं नागपूरची. खेमेन्टनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, त्यांच्या मैदानाखाली पाइप टाकायला घेतले होते.

"तुमच्या त्या घरामागचं कुरण कसलं सपाट आहे," जेवताना नवरा म्हणाला.

"ते कुळाला दिलेलं आहे. गवत वाढतंय. शिवाय टिटव्यांनी अंडी घातली आहेत, कुणी पाऊलही ठेवायचं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. तो इतक्या पटकन गप्प बसतो तेव्हा मला संशय यायला हवा होता.

सोमवारी ऑफिसात गेले तर बाईसाहेब खूश होत्या. "काल एक फार सभ्य भारतीय गृहस्थ सायकलवरून आले होते. माझ्या ढकलगाडीचं पंक्चर काढून दिलं. त्यांना क्रिकेट खेळायला मागचं कुरण हवं होतं, मी हो म्हटलंय. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"थोडेफार."

"मग तर तुम्हाला सोपंच जाईल," त्या म्हणाल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला फोन करून कुरणाच्या फाटकापाशी बोलावून घेतलं. तो बॅट घेऊन आला. मी त्याला नियमाप्रमाणे सगळं सांगितलं: जमीन कुळाची, गवत कुळाचं, पक्षी कायद्यानं संरक्षित.

"हे घरी नसतं का सांगता आलं?"

"घरी मी बायको आहे."

"पण बाईसाहेब हो म्हणाल्यात."

"त्या सगळ्यांनाच हो म्हणतात."

"मग तू अगोदर नाही कशाला म्हणालीस? सरळ त्यांच्याकडेच पाठवायचंस."

तेवढ्यात टिटवी ओरडत आमच्या डोक्यावरून गेली. कोल्हापूरला आमच्या शेतात ओरडायची तशीच, फक्त इथल्या टिटवीला डोक्यावर तुरा असतो. नवऱ्यानं फाटकातून दोन पावलं आत जाऊन खाली वाकून पाहिलं. गवतात ठिपक्यांची अंडी होती. तो चवड्यांवर चालत मागे आला आणि बॅट काखेत धरून उभा राहिला. त्याचा चेहरा इतका उतरला की मला वाईट वाटलं, आणि ते वाटणं नोकरीला धरून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कुळाकडे गेले. हा शेतकरी प्रचंड उंच, आणि बोलणं बेताचं. गवत कापल्यानंतर, पिल्लं उडून गेल्यावर, एखादा रविवार मिळेल का, असं विचारलं. त्यानं ट्रॅक्टरच्या चाकातला चिखल बुटानं पाडला.

"रविवारी पाचपर्यंत," तो म्हणाला. "पाचला मी पातळ शेणखत फवारणार."

"रविवारी?"

"सोमवारी नेहमी पाऊस असतो."

अशा रीतीनं जुलैमधला एक रविवार ठरला. मुलं टेनिस बॉल, स्टंप आणि डबे घेऊन आली, आपसातच दोन टीम पाडल्या. बाईसाहेब घडीची खुर्ची टाकून बसल्या. दोन ओव्हर झाल्या असतील, तेव्हा कुरणाच्या दुसऱ्या टोकाला गाड्या येऊन थांबल्या आणि त्यांतून दहा-बारा रिट्रीव्हर कुत्री उतरली.

मी बाईसाहेबांकडे पाहिलं.

"हो, ते श्वान प्रशिक्षण मंडळ," त्या म्हणाल्या. "मार्चमध्येच हो म्हटलं होतं. कुरण मोठं आहे की."

फेकलेली वस्तू तोंडात धरून मालकाला आणून द्यायची, याचंच शिक्षण ती कुत्री घेत होती. त्यांच्यासमोर आता चौदा-पंधरा माणसं दुपारभर टेनिस बॉल फटकावणार होती. मंडळाच्या प्रमुखांनी कुत्र्यांना बसवून ठेवलं आणि ती बसलीही, पण माना चेंडूबरोबर फिरत होत्या.

नवरा बॅटिंगला आला. त्यानं मिडविकेटला उंच फटका मारला आणि एक पिवळी कुत्री उठली. फिल्डरच्या आधी तिनं बॉल गाठला, तोंडात धरला आणि मालकाला शोधू लागली. मालक तिच्या मागे, फिल्डर मालकाच्या मागे, आणि मी, इस्टेटीची जबाबदार व्यक्ती म्हणून, सगळ्यांच्या मागे. इकडे नवरा आणि त्याचा जोडीदार धावा काढत सुटले होते. पाच झाल्या, सहा झाल्या, मोजणारा हसून खाली बसला.

मालक दमून स्टंपांपाशी येऊन थांबला आणि त्यानं शिट्टी वाजवली. कुत्री धावत आली, त्याच्यापुढे शिस्तीत बसली आणि आनंदानं शेपूट हलवू लागली. शेपटीचा फटका स्टंपांना बसला आणि दोन्ही बेल्स उडाल्या. तोंडात बॉल होताच. नवरा क्रीजच्या आसपास कुठेतरी होता.

"आउट," विकेटकीपर म्हणाला.

"कुत्र्यानं कसा आउट होईन?" नवरा म्हणाला.

अंपायर नागपूरचा, शांत स्वभावाचा. तो म्हणाला की असा प्रसंग त्यानं पाहिलेला नाही. मग सगळे जागेच्या मालकिणीकडे गेले.

"मॅडम, आउट आहे ना?" बोलरनं विचारलं.

"हो, अर्थातच," बाईसाहेब म्हणाल्या.

"पण कुत्रा मोजायचा नसतो ना?" नवऱ्यानं विचारलं.

"हो, अर्थातच. बिचारी."

दोन्ही टीम एकाच वेळी खूश झाल्या, मग भानावर आल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी अजून धापा टाकत होते. बाईसाहेब खुर्चीतून माझ्याकडे फार विश्वासानं बघत होत्या.

"आउट," मी म्हणाले. "कुत्री इथे परवानगी घेऊन आलेली आहे."

नवऱ्यानं बॅट खाली ठेवली आणि तो जाऊन वडापावाच्या डब्याशेजारी बसला. त्याची टीम हरली. हरलेले आणि जिंकलेले सगळे खायला बसले असताना पाच वाजले, आणि लांबून ट्रॅक्टर आला. शेतकऱ्यानं आमच्याकडे पाहून टोपी किंचित उचलली आणि कुरणाच्या त्या टोकाला फवारा सुरू केला. वारा आमच्याच दिशेचा होता. डबे, स्टंप, कुत्री आणि माणसं यांची इतकी झटपट आवराआवर मी आजवर पाहिलेली नाही. बाईसाहेब मात्र खुर्चीत बसूनच उरलेला वडा संपवत होत्या.

आम्ही सायकलींवरून घरी निघालो. नवरा माझ्या पुढे, ताठ बसून पेडल मारत होता. गावात शिरताना सिग्नल लाल झाला आणि त्याला थांबावं लागलं.

"पाय आत होता माझा," तो समोर बघतच म्हणाला.

"नव्हता."

"तुला कसं दिसलं? तू होतीस कुठे?"

"कुत्रीच्या मागे. तिथून नीट दिसत होतं."

सिग्नल हिरवा झाला. त्यानं पहिलं पेडल मारलं, आणि त्याचे खांदे हसण्यानं हलताहेत हे मला मागून दिसलं.